सलवाताईंची खुर्ची

सलवाताईंनी गॅसवर वांगी भाजायला ठेवली होती आणि नवऱ्याशी अबोला धरला होता. दोन्ही कामं त्या सारख्याच मन लावून करत होत्या.

"यामिनी," वांगं चिमट्याने उलटत त्या म्हणाल्या, "त्या गृहस्थांना विचार, लिंबं कुठे ठेवलीत."

ते गृहस्थ, म्हणजे डॉ. अदनान सब्बाग, माझ्या शेजारीच उभे राहून काकडी चिरत होते.

"डॉक्टर, लिंबं कुठे आहेत?"

"बाईंना सांग, त्यांच्या समोरच्या टोपलीत आहेत."

"सलवाताई, तुमच्या समोरच्या—"

"ऐकलं मी. बहिरी नाही झाले अजून."

दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ, असं म्हणतात. मला लाभ एवढाच झाला की लिंबं पिळायचं काम माझ्याकडे आलं.

सप्टेंबरातली शनिवारची दुपार होती. वॉशिंग्टनच्या बाहेर एका शांत वस्तीत त्यांचं घर होतं. एका मोठ्या आंतरराष्ट्रीय वित्तसंस्थेत मी तेव्हा नवखी अर्थतज्ज्ञ होते आणि डॉक्टर माझे वरिष्ठ. मी मूळची सावंतवाडीची, ते लेबननमधल्या त्रिपोलीचे. बैरूतमध्ये घरोघरी लढाई शिरली तेव्हा ती दोघं लेक रीमला घेऊन इथे आली ती इथेच राहिली. पहिल्याच वर्षी डॉक्टरांनी मला जेवायला बोलावलं. सलवाताईंनी ते भाजलेल्या वांग्याचं तीळ घातलेलं भरीत वाढलं आणि मी म्हटलं, यात हिरवी मिरची आणि कांदा हवा. त्यांनी उठून दोन्ही आणून दिलं. तेव्हापासून माझे शनिवार त्यांच्याकडे जमा झाले. 'ताई' कशाला म्हणतात ते सांगितल्यावर त्या म्हणाल्या होत्या, "मग म्हणत जा. मला इथे कोणी नात्याने हाक मारत नाही."

अबोल्याचं कारण आदल्या दिवशी आलेला फोन. लढाई थांबून काही वर्षं झाली होती, देश नव्याने उभा करायचं चाललं होतं. तिथल्या सरकारने डॉक्टरांना विचारलं होतं, की परत या, परदेशांशी वाटाघाटी करायला आम्हाला तुमच्यासारखा माणूस पाहिजे. उत्तर रविवारी द्यायचं होतं. डॉक्टरांना जायचं होतं. सलवाताईंना नव्हतं. रीम मैत्रिणीकडे राहायला गेली होती, म्हणून मध्यस्थी माझ्या गळ्यात पडली.

जेवणाच्या टेबलावर दोघांनीही आपापल्या परीने मला फोडायचा प्रयत्न केला.

"यामिनी, तूच सांग," सलवाताई माझ्या ताटात भात वाढत म्हणाल्या. "मागच्या अंगणातलं अंजीर पाहिलंस? दर थंडीत त्याला पोत्यात गुंडाळते मी, लेकराला गुंडाळावं तसं. यंदा पहिल्यांदा फळ धरलंय. ते टाकून जायचं?"

"तिला सांग, तिथे अंजिरं रस्त्यावर पडलेली असतात," डॉक्टर म्हणाले.

"त्याला सांग, रस्त्यावर आणखीही पुष्कळ काय काय पडलेलं असायचं. मी पाहिलंय."

डॉक्टर खांदे पाडून बसले. इतका उंच माणूस, पण त्या वेळी टेबलाएवढाच वाटला. मला दोघांचाही राग आला आणि दोघांचीही माया आली. जगभरच्या मंत्र्यांना एका टेबलावर बसवून बोलतं करणारा हा माणूस, आणि घरच्या टेबलावर त्याला मीठ मागायला दुभाषी लागत होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

माझे वडील सावंतवाडीच्या कोर्टात वकील. आमच्या घरी आमटी खारट झाली तरी दोन्ही पक्षांचं म्हणणं ऐकून घेतलं जाई. वाद घालायला मी भीत नाही, पण अर्धवट सोडलेला वाद मला बघवत नाही. मी चमचा खाली ठेवला आणि टाळी वाजवली.

"खुर्च्या बदला," मी म्हटलं.

डॉक्टरांनी चमकून वर पाहिलं. हे शब्द त्यांचेच होते.

कुठल्याही देशाशी बोलणी करायला निघण्याआधी ते आमच्या चमूला एका खोलीत बसवत. फायली वाचून झाल्या की टाळी वाजवून म्हणत, "खुर्च्या बदला." मग आमच्यातले निम्मे जण टेबलाच्या पलीकडे जाऊन त्या देशाचे मंत्री व्हायचे. बोलायचं ते 'मी' म्हणूनच, 'ते' म्हणायला बंदी. समोरच्याची बाजू त्यालाही ऐकून बरं वाटेल इतकी चांगली मांडता आली नाही, तर विमानाचं तिकीट मिळत नसे. मी एकदा एका छोट्या देशाची अर्थमंत्री होऊन आमच्याच संस्थेला असं काही झापलं होतं, की डॉक्टर खांदे हलवत हसत सुटले होते आणि मग गंभीर होऊन म्हणाले होते, "आता तू त्यांच्याशी बोलायला लायक झालीस."

"हे ऑफिसचं आहे," डॉक्टर पुटपुटले.

"का? घरात लागू होत नाही?" सलवाताईंनी विचारलं. आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की आपण थेट त्यांच्याशी बोललो. आता माघार घेणं शक्य नव्हतं. त्या उठल्या.

त्यांची खुर्ची स्वयंपाकघराच्या दाराजवळची. वाढायला उठावं लागतं म्हणून, आणि तिथून घराचं पुढचं दारही दिसतं म्हणून. डॉक्टरांची खिडकीजवळ, रेडिओच्या शेजारी. दोघांनी जागा बदलल्या. सलवाताईंनी जाता जाता नवऱ्याच्या नाकावरचा चष्मा काढून घेतला आणि स्वतःच्या डोळ्यांवर चढवला. मला म्हणाल्या, "तू कॉफी टाक ग, भांडं ठेवलंय तिथेच. आणि लक्ष ठेव." मी स्वयंपाकघरात जाऊन लांब दांड्याचं ते छोटं भांडं मंद आचेवर ठेवलं आणि पळत परत आले. हे चुकवायचं नव्हतं.

"हे बघा," सलवाताईंनी घसा खाकरला. डॉक्टर असेच सुरू करत. "या प्रश्नाला अनेक पैलू आहेत. पहिला पैलू, माझी बायको हट्टी आहे."

"हे नियमात बसत नाही," डॉक्टर म्हणाले.

"तू सलवा आहेस," सलवाताई म्हणाल्या. "मध्ये बोललास, ते मात्र बरोबर. ती बोलते."

मी हसून घेतलं. डॉक्टरही हसले. कालपासून त्या घरात हसण्याचा तो पहिलाच आवाज असावा. मग डॉक्टरांनी हात टेबलावर ठेवले, सलवाताई ठेवतात तसे, एकावर एक.

"मी सलवा," ते म्हणाले. "माझा भाऊ ब्रेड आणायला खाली उतरला. मी ताटं वाढली होती. तो येईना, तेव्हा मला राग आला. जेवण निवतंय, याला काही किंमत नाही, असं मी मोठ्यांदा बोलले. लोक सांगायला आले तेव्हाही मी रागातच दार उघडलं. त्या रागाची मला अजून लाज वाटते."

सलवाताईंनी चष्मा काढला. "हे मी तुला कधीच सांगितलं नाही."

"जागेपणी नाही सांगितलंस."

डॉक्टरांनी स्वतःला सावरलं आणि पुढे बोलू लागले. "या देशात आले तेव्हापासून कोणाला उशीर झाला तर मला नुसता राग येतो. भीती वाटत नाही. रीम शाळेतून उशिरा आली की मी तिला रागावते आणि मनातून सुखावते, की बघा, मी नुसती रागावलेय. एवढं एकच सुख मला अमेरिकेने दिलं. ते तू माझ्याकडून काढून घेऊ नकोस, अदनान."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, संपलं. आता हे जात नाहीत. याहून चांगली बाजू खुद्द सलवाताईंनाही मांडता आली नसती.

पण सलवाताईही काही कमी नव्हत्या. चष्मा त्यांनी टेबलावर ठेवला आणि समोर बघत म्हणाल्या, "मी अदनान. त्रिपोलीच्या जुन्या बाजारात माझ्या वडिलांचं साबणाचं दुकान होतं. आजही मी साबण हातात घेतला की आधी वास घेतो. माझी बायको हसते. मी दर थोड्या दिवसांनी कुठल्यातरी देशात जातो आणि तिथल्या लोकांना घर कसं सांभाळायचं ते शिकवतो. ते माझं ऐकून घेतात आणि मनात म्हणतात, स्वतःचं घर पडलं तेव्हा हा कुठे होता?"

"सलवा—"

"मी अदनान आहे. मला बोलू दे. माझी बायको अंजिराला पोत्यात गुंडाळते. तिला वाटतं मला ते झाड फार आवडतं. मला त्याची दया येते. आणि संध्याकाळी मी या खुर्चीत बसतो, रेडिओ लावतो आणि वाट बघतो. कसली? दाराची बेल वाजण्याची. आमच्या गल्लीत बेल नव्हतीच, लोक सरळ आत यायचे. इथे बेल आहे, पण वाजत नाही. शनिवारी एक यामिनी येते, तेवढीच."

डॉक्टर त्यांच्याकडे एकटक बघत होते. मग हळूच म्हणाले, "आणि एके दिवशी तुला काही झाल्याचा फोन आला तर? अदनान, मला फोन आला तर मी काय करायचं?"

नेमका तेव्हाच जळका वास आला.

मी धावले. कॉफी उतू जाऊन गॅसभर पसरली होती. आमच्याकडे चहा खळाखळा उकळला नाही तर त्याला कोणी चहा म्हणत नाही, आणि मी त्याच धोरणाने ती कॉफी सोडून दिली होती. ती वर येऊ लागली की उचलायची, पुन्हा ठेवायची, पुन्हा उचलायची, म्हणजे वरचा दाट फेस टिकतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. गॅस पुसला, उरलेली कॉफी छोट्या कपांत ओतली आणि बाहेर आले, तोवर सगळं उरकलं होतं.

डॉक्टर बायकोच्या खुर्चीत डोळे पुसत होते. सलवाताई उठून त्यांना चष्मा परत देत होत्या.

माझ्या हातातल्या ट्रेकडे बघून त्या म्हणाल्या, "अरे देवा, कॉफीचं तोंड कुठे गेलं?" फेसाला ते तोंड म्हणतात. "बिनतोंडाची कॉफी केलीस! असू दे. यामिनी, आम्ही जातोय."

"मी हरलो," डॉक्टर हसत म्हणाले.

"पण तुम्हाला तर जायचंच होतं!"

"मी सलवा होतो ना. सलवा हरली."

"सलवा हरली?" सलवाताई म्हणाल्या. "समोरच्या खुर्चीतून कोण जिंकलं मग? इतकी वर्षं अर्थशास्त्र शिकून याला एवढं कळत नाही."

मी आत असताना काय बोलणं झालं, ते दोघांनीही सांगितलं नाही. मी खोदून विचारलं तेव्हा डॉक्टर एवढंच म्हणाले, की ते इतिवृत्तात घ्यायचं नसतं. आम्ही ती बिनतोंडाची, करपट कॉफी प्यायलो. कप खाली ठेवताना डॉक्टर म्हणाले, "दायमे." मी अर्थ विचारला.

"सदैव असो. या घरात असंच चालू राहो," सलवाताईंनी सांगितलं. "पाहुण्याने कॉफी पिऊन झाल्यावर यजमानिणीला म्हणायचं. कुठेही म्हण, फक्त शोकाच्या घरी नाही. तिथे कॉफी पितात आणि कप मुकाट्याने ठेवतात."

"दायमे," मी म्हटलं.

"ही अशी कॉफी सदैव नको हं," त्या म्हणाल्या.

ती दोघं गेली. अंजिराची फांदी सलवाताईंनी ओल्या कापडात बांधून नेली. डॉक्टर आधी सल्लागार झाले, मग काही वर्षं राजदूत म्हणून पुन्हा वॉशिंग्टनलाच आले, तेव्हा माझे शनिवार मला परत मिळाले. मग मायदेशी मंत्री झाले. मीही दरम्यान पुण्याला येऊन शिकवू लागले. वर्गात टाळी वाजवून "खुर्च्या बदला" म्हणते, पोरांना वाटतं ही माझीच युक्ती.

आणि मग एका मार्च महिन्यात, सकाळी एका बैठकीला निघालेल्या डॉक्टरांच्या गाडीजवळ बॉम्ब फुटला. मी टीव्हीवर पाहिलं. पडद्यावर त्यांचं नाव चुकीचं लिहिलं होतं. कोणी केलं ते ठरलेलं नाही आणि बहुधा ठरणारही नाही. भांडणाऱ्या सगळ्या पक्षांशी बोलू शकणारा माणूस कोणाला तरी नको होता, एवढं खरं. मी पुष्कळ रडले. आणि त्या दिवशी एक काटा माझ्या मनात रुतला, की त्या दुपारी टाळी मी वाजवली होती.

दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात मी बैरूतला गेले. सलवाताईंना भेटायचं होतं आणि एकच गोष्ट विचारायची होती. विचारायचं धैर्य होईल की नाही, याची मला खात्री नव्हती.

सलवाताईंनीच दार उघडलं. त्यांचे केस पांढरे झाले होते, पण हातात चिमटा होता आणि घरभर भाजलेल्या वांग्याचा वास होता. मला पोटाशी धरून त्या रडल्या, मग बाजूला करून नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "जाड झालीस. छान." टेबल तेच, अमेरिकेतलं. खुर्च्याही त्याच. बाल्कनीत अर्ध्या कापलेल्या पिंपात अंजिराचं झाड होतं, पोत्यात गुंडाळलेलं.

"इथे कुठे एवढी थंडी?" मी विचारलं.

"त्याला सवय आहे. सवयी मोडू नयेत."

मी डॉक्टरांच्या खुर्चीकडे जाऊ धजले नाही. कोपऱ्यातल्या स्टुलावर टेकले आणि बोलून टाकलं, "सलवाताई, कधी पश्चात्ताप होतो का? माझ्यामुळे त्या दिवशी—"

"तुझ्यामुळे?" त्यांनी चिमटा खाली ठेवला. "ऐका! हिने टाळी वाजवली म्हणून आम्ही देश बदलला. तेव्हा कॉफी उतू घालवलीस, तेवढं तुझ्यामुळे झालं." मग माझ्या समोर येऊन बसल्या. "शोकाला आलेल्या बायका मला म्हणायच्या, तू त्याला अडवायला हवं होतंस, तू जाऊ दिलंस. मी कोणालाही सांगितलं नाही. तुला सांगते. तू आत गेलीस तेव्हा अदनान माझ्या खुर्चीत बसून मला विचारत होता, फोन आला तर मी काय करायचं?"

"हो. तेवढं मी ऐकलं."

"मी त्याच्या खुर्चीतून उत्तर दिलं. मी म्हटलं, फोन आला तर सलवा तो उचलेल. ती रडेल, ओरडेल. मग दाराची बेल वाजेल आणि ती दार उघडेल. कारण तोपर्यंत आमचं घर माणसांनी भरलेलं असेल, आणि ती माणसं तिला एकटं बसू देणार नाहीत. इथे फोन आला नाही तरी घर रिकामंच आहे. त्यावर त्याने माझ्या बाजूने काहीतरी बोलायला हवं होतं. त्याला सुचलं नाही. आयुष्यभर वाद जिंकलेला माणूस, एकदाच हरला, आणि तोही माझा वकील असताना! मी त्याला जाऊ दिलं नाही, यामिनी. मी त्याला घेऊन आले. मला पटलं म्हणून आले."

"पण पश्चात्ताप?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि टाळी वाजवली.

"खुर्च्या बदल. जा, माझ्या जागी बस. तूच सांग."

मी स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या त्यांच्या खुर्चीत जाऊन बसले आणि त्या खिडकीजवळच्या, डॉक्टरांच्या खुर्चीत. तिथून पुढचं दार दिसत होतं. मी काही बोलणार तोच बेल वाजली.

"जा," सलवाताई जागच्या हलल्या नाहीत. "त्या खुर्चीत बसणारीचं ते काम आहे."

मी दार उघडलं. शेजारच्या म्हाताऱ्या बाई पालकाची जुडी घेऊन आल्या होत्या. मागोमाग डॉक्टरांचे दोन विद्यार्थी पावांची पिशवी घेऊन जिना चढत होते. मग रीम आली, नवऱ्यासकट. मग खालच्या मजल्यावरचे निवृत्त कॅप्टन, ज्यांना कोणी बोलावलं नव्हतं आणि ज्यांचं ताट आधीच मांडलेलं होतं. त्या दुपारी मी दाराशी गेले आणि आले, गेले आणि आले. सलवाताई खिडकीजवळच्या खुर्चीत बसून सगळ्यांना सांगत होत्या, की आज यजमानीण ही आहे, काही कमी पडलं तर हिला बोला. भांडणं झाली, राजकारण झालं, वांग्यात लिंबू जास्त झालं यावर कॅप्टन आणि म्हाताऱ्या बाई यांचं वाजलं. कोणीतरी डॉक्टरांची नक्कल केली, "या प्रश्नाला अनेक पैलू आहेत," आणि सगळे हसले. रीम हसता हसता रडली आणि तिच्या ताटात आणखी भात पडला.

कॉफी मी केली. गॅससमोरून हलले नाही. वर येऊ लागली की उचलली, ठेवली, पुन्हा उचलली. कपांत ओतली तेव्हा प्रत्येक कपावर दाट फेस होता.

मला धाकधूक होती. ज्या घरातून असा माणूस गेला, तिथे कप कसे ठेवतात ते मला ठाऊक होतं.

कॅप्टननी आपला कप ठेवला. "दायमे," ते म्हणाले, अगदी सहज. मग म्हाताऱ्या बाई. मग विद्यार्थी, एकाच वेळी. मग रीम. मी त्या खुर्चीत बसून एकेकाला मान लवून उत्तर देत होते आणि माझ्या मनातला काटा कधी निघाला ते मला कळलंच नाही.

शेवटचा कप सलवाताईंचा. त्यांनी तळाचा थेंब संपवला, कप बशीत ठेवला आणि टेबलापलीकडे, स्वतःच्या खुर्चीकडे बघितलं.

"दायमे," त्या म्हणाल्या.